दाणा

चियातुरात रोपवेचा शेवटचा पाळणा दरी ओलांडून गेला
की माझी पाळी सुरू होते.
आज पहिली लिले. वय चार. आठवड्यातला तिसरा फोटो.
बापाने शिशाचा एप्रन घातलाय, तिचे हात वर धरलेत.
ती विचारते, दुखेल का?
नाही, म्हणते मी,
आणि पुढचं वाक्य गिळते.

आकडा खाली उतरवते. अजून एक पायरी.
श्वास घे. धर.
टक.

पडद्यावर तिची छाती उमटते, रव्यासारखी दाणेदार.
दहा मिनिटांत डॉक्टर ओतियांचा फोन:
"एतेर, चित्रात वाळू सांडलीय."
सांडली असेल. पण तुम्ही विचारलं होतं, पाणी उतरलंय का.
उतरलंय. वाळूतूनही दिसतंय.
ताकाला येऊन भांडं लपवू नका, डॉक्टर,
काय शोधताय ते चिठ्ठीवर लिहीत जा,
तेवढेच किरण घालीन,
मीठ घालतात तसे, चवीपुरते.

फिल्मच्या काळी चूक लपत नसे.
जास्त झालं की काच काळीठिक्कर पडायची
आणि सगळा दवाखाना बघायचा.
आता जास्त झालं तर चित्र आणखी देखणं होतं.
बावीस वर्षांत एकदाही कुणी फोन करून म्हणालं नाही,
एतेर, फारच सुरेख आलंय, एवढं नको होतं.
म्हणून आकडे वर सरकत राहतात, चोरपावलांनी,
कुणीच न सरकवल्यासारखे.

हे कळलं तेव्हा मी कंजूष झाले.
अभिमानाने.

मग बोंदो आला.
एकतीस वर्षं मँगनीजच्या बोगद्यात,
नखांत अजून काळं.
त्यालाही मी हात राखूनच दिलं.
फोटोभर दाणे. म्हटलं, नेहमीचेच.
सहा महिन्यांनी कुताइसीच्या मोठ्या दवाखान्यात कळलं,
त्यातले निम्मे माझ्या यंत्राचे नव्हते.
खाणीचे होते.

तेव्हापासून आकड्यावर बोट ठेवलं की थांबते.
समोर कोण उभं आहे ते बघते.
बोंदोच्या सोबत्यांना आता मोजून, पण भरपूर देते.
त्यांच्या छातीत दुखणंच दाण्याएवढं असतं.

बाहेर बाकावर लिले बूट उलटे घालतेय,
डावा उजव्यात.
पुन्हा फोन. ओतिया.
"पाणी दिसलं, बरोबर आहे तुझं.
तरी एक काढ ना पुन्हा, जरा स्वच्छ."

चौथा?
मी म्हणते, डॉक्टर,
आधी चष्मा पुसून बघा.