चोपन्न लिटर

ऑस्ट्रावात नोव्हेंबर. दुकानाच्या काचेला
आतून घाम, बाहेरून बर्फ.
बोहुमिलाबाई ट्राममधून उतरून आल्या,
हातात सुतळी. दोन गाठींमधलं अंतर
म्हणजे स्वयंपाकघरातली खिडकीची फळी.
चोपन्न लिटर, फार तर. मी मनात हिशेब केला.

त्यांना हवा होता फ्रंटोसा,
निळा, पट्ट्यांचा,
म्हातारपणी कपाळावर टेंगूळ येणारा.
"बोटाएवढाच तर आहे."
आज आहे, मी म्हटलं. हा वाढतो, बाई,
आणि वाढला की काचेला धडका देतो.
त्या हसल्या. "आमचे मिरेक तसेच.
तीन खोल्या पुरल्या नाहीत."

मग खालच्या फळीवरची टाकी दाखवली.
वाळू, आणि रिकामे शंख.
(शंख कसले, कोपऱ्यावरच्या हॉटेलातल्या
गोगलगायींची टरफलं. मी उकळून घेतो.)
"मासे कुठायत?"
थांबा.

त्या गुडघ्यांवर बसल्या, कुरकुरत.
एका शंखातून आधी डोळा आला,
मग नखाएवढं पट्टेरी अंग,
आणि ते टांगानिकाचं पोर
आम्हा दोघांवर सरळ धावून आलं.
"एवढ्याशा जिवाला एवढा राग?"
त्याचं घर आहे ना ते.

सहा नेले. शंख पाचच उरले होते.

गुरुवारी फोन.
"रात्रीत सगळी वाळू उपसलीय.
मी सपाट केली, सकाळी परत ढीग!"
परत आणताय का?
"छे."
मागे किटली शिट्टी घालत होती.
"एकजण उघड्यावर झोपतो हो.
हॉटेल किती वाजेपर्यंत चालू असतं?"