काचेच्या बाहेरचं दंव

चौकट मी आधी आडवी कापते, कागदावर,
राईच्या पावाचा काप असावा तशी.
आत ॲल्युमिनियम, बाहेर ॲल्युमिनियम,
मध्ये काळ्या प्लास्टिकची पट्टी, चौतीस मिलिमीटर,
जिचं सगळं काम एवढंच:
या दोघांची गाठ पडू न देणं.

धातू भोळा असतो.
गारठ्याने हात लावला की घरातलं सगळं सांगून टाकतो.
एक स्क्रू चुकीच्या जागी गेला
तर तेवढ्या वाटेने अख्खी खोली रस्त्यावर येते.
टॅनेल हसतो. त्याने असा स्क्रू एकदा लावलाय.
जानेवारीत त्याच्या डोक्यावर, आतल्या बाजूने, बर्फाची टिकली उगवली.
मालकाने फोटो पाठवला. सोबत शब्द एकही नाही.

पडद्यावर उष्णतेच्या रेषा निघतात,
लाल, नारिंगी, मग निळसर होत गेलेल्या.
मी एकीवरच डोळा ठेवून असते:
नऊ पूर्णांक तीन अंश.
वीस अंशांच्या खोलीत, निम्म्या दमटपणात,
हवा नेमकी तिथे रडू लागते.
ती रेषा चौकटीच्या पोटातच राहायला हवी.
आत डोकावली की बुरशी, मग खोकला, मग वकिलाचं पत्र.

तीन आठवडे.
पोकळीत फेस भरला, रबराचं नाक लांबवलं,
काचांमधली धातूची कड काढून टाकली.
रेषा सरकली दोन मिलिमीटर.
त्या दुपारी मी कॅन्टीनमध्ये दोन केक खाल्ले.

व्होरूतल्या पाचमजली इमारतीला एकशे दहा खिडक्या बसल्या.
जुन्या निघाल्या तेव्हा दुहेरी काचांच्या मधून
वाळलेलं शेवाळ निघालं, त्यावर रोवनची लाल फळं,
कुणाचं तरी चिनी मातीचं हरिण, एका पायाने अधू.
शेवाळ हिवाळाभर ओल पीत बसायचं.
तेही डिझाइनच. फक्त नकाशावर सही नाही.

ऑक्टोबरात फोन आला.
हिल्या कुक, पाचवा मजला:
"तुमची नवी खिडकी घामेजलीय."
मी गेले. बूट दारात काढले.
काच खरंच पांढरी होती,
पण बाहेरून.

आनंद लपवत मी समजावलं,
बाई, हे चांगलं लक्षण आहे.
घरातली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत पोचतच नाही,
ती बिचारी रात्रभर उघड्या आभाळासमोर, गवताइतकी गार,
तिच्यावर दंव पडणारच.
दहापर्यंत उन्हाने जाईल.

ती म्हणाली, पूर्वी आतून पडायचं.
मी बोटाने एवाल्डला काहीबाही लिहायचे.
तो खाली सायकल लावायचा
आणि त्याला उलटं वाचावं लागायचं.
वर येईपर्यंत निम्मं चुकवायचा.
आता बोट पुरत नाही.

माझ्याकडे याला आकडा नव्हता.

मग तिने मूठ फिरवली.
आमच्या खिडक्या आत उघडतात, पुसायला सोप्या म्हणून;
माहितीपत्रकात तसं मीच लिहिलंय.
पल्ला आत आला, बाहेरची काच तिच्या छातीसमोर,
आणि खोलीची हवा लागताच आणखी दाट झाली.
गारठा शिरला, टेबलावरचं विजेचं बिल उडालं.
तीन आठवडे, चौतीस मिलिमीटर, दोन केक
त्या उघड्या चौकोनातून तळ्याच्या दिशेने निघून गेले.

ती लिहीत होती, सावकाश,
शाळेत गिरवलेल्या अक्षरात.
मी मीटर बॅगेतच राहू दिला.
खाली कुणी सायकल लावत नव्हतं.

पल्ला बंद झाला. रबर चहूकडून गच्च बसलं,
तो आवाज मला झोपेतही ओळखू येतो.
आता अक्षरं आम्हा दोघींना उलटी दिसत होती;
अंगणातून मात्र, पहिल्यांदाच, सुलट.

साडेनऊ झाले होते.
दंवाला अजून अर्धा तास होता.