वजनकाटा

खारीचं वजन सतरा किलो.
त्याचे अडीच टक्के म्हणजे सव्वाचारशे ग्रॅम,
दिवसाचं, कच्चं.
डॉक्टर पाटणवाला बाईंनी
औषधाच्या चिठ्ठीवरच गणित मांडून दिलं
आणि खाली दोनदा रेघ मारली: बिस्किटं बंद.

खारी, कारण रंग तसा,
आणि माझगावच्या बेकरीच्या बाकाखाली
चार वर्षं ती वाढली
दुसऱ्यांच्या चहातून गळालेल्या खारीवर.
आता केस झडून
पाठीचं कातडं हत्तीसारखं झालेलं.
"हे आतून बदलायला हवं," बाई म्हणाल्या.

आतून बदलायला मी सकाळी सातला निघतो.
मुनाफचं शटर अर्ध्यावर असतं.
कोंबडीच्या माना, पाय,
न धुतलेली वजडी, वासासकट.
कलेजी वीस ग्रॅम, वर एक नाही.
"दिल लेके जाव चाचा," तो म्हणतो, "ताजा है."
पिशवीत पिशवी, तिच्यात पिशवी.
तरी लिफ्टमध्ये सामंतबाई नाकाला पदर लावतात,
ज्यांच्या घरचा बांगडा
मला चौथ्या मजल्यापर्यंत पाठ आहे.

काटा जुना आहे.
कुंदाच्या किडन्या गेल्या तेव्हा घेतलेला.
बटाटा साठ ग्रॅम, दोन पाण्यांतून काढलेला.
डाळ पंचवीस.
मीठसुद्धा चिमटीने नाही, काट्यावर.
छत्तीस वर्षं गोदीत टॅली क्लार्क होतो मी,
टनांची सवय असलेला माणूस,
दशांशात उतरलो.
पाणीही मोजलं तिचं.
एकदा रात्री तीनला
ती फ्रिजच्या उजेडात उभी होती,
बोटावर लोणच्याचा खार, डोळे मिटलेले.
मी दिवा लावला.
बोललो.
काय बोललो ते लिहीत नाही.

हाड शिजवून द्यायचं नाही.
कच्चं वाकतं,
शिजलेलं काचेसारखं फुटतं.
हे मात्र बाईंनी सांगायची गरज नव्हती.
तिसऱ्या दिवशी, राखेवर पाणी शिंपडल्यावर,
चिमटीत आलं ते किती हलकं होतं
आणि किती लगेच मोडलं.

पहिले आठ दिवस खारीनं तोंड लावलं नाही.
ताटली हुंगायची आणि माझ्याकडे बघायची,
म्हातारा शिजवायला विसरला की काय.
नवव्या दिवशी मान कडाडली.
असा आवाज या घरात
कितीतरी दिवसांत झाला नव्हता.
भिंतीपलीकडून सामंतबाईंनी विचारलं, काय फुटलं हो?
"काही नाही," मी म्हटलं, "जेवतेय."

आता पाठीवर लव येते आहे.
हात उलटा फिरवला की खरखरते.
माझा ग्रॅम चुकत नाही.
जेवण झालं की काटा साबणानं धुतो,
बटणाच्या फटीत काहीतरी पांढरं अडकलंय,
टाचणीनं निघेल.
काढलेलं नाही.

संध्याकाळी फिरायला.
बेकरीचा बाक वाटेत लागतो.
दुसरा रस्ता आहे, पण ती तिकडे वळत नाही.
बाकावरचा कुणी पोरगा
चहात बुडवलेली अर्धी खारी
हळूच खाली धरतो.
पट्टा माझ्या हातात आहे, आवळता येतो.
समोर भिंतीवरून गोदीची क्रेन दिसते,
बरीच वर्षं बंद, आकडा तसाच हवेत.
मी तिच्याकडे बघत उभा राहतो,
किती टनांची होती ही, आठवत,
जरा जास्तच वेळ.