पिशवीतले पाव

चोडणला माझ्या वहीत सदतीस नावं,
सत्तरीच्या पुढची, एकटी राहणारी.
वरून फर्मान आलं: उष्म्याच्या दिवसांत
रोज फोन करून विचारा, पाणी प्यायलात का.
पिएदाद बाईंनी उचललाच नाही, त्यांना ऐकू येत नाही.
शाणू नायक म्हणाले,
"एक्याऐंशी वर्षं पितोय. तू प्यायलीस?"
मी प्यायले नव्हते.

मग वीज गेली, टॉवर गेला,
वही मांडीवर, नुसता कागद.

युक्ती पिएदाद बाईंची.
पोदेर पहाटे भोंपू वाजवत येतो,
फाटकावरच्या पिशवीत दोन पाव टाकतो.
सात वाजले तरी पिशवी भरलेलीच,
तर शेजाऱ्यानं दार ठोठवायचं.
ना अर्ज, ना अंगठा.
"साथीच्या सालात असंच केलं," म्हणाल्या,
"दार उघडायची बंदी होती,
पिशवी बघायची नव्हती."
द्रौपद केरकर पाव शिवत नाही.
तिच्या पिशवीत पोदेर लिंबू टाकतो,
तिच्याच झाडाचं.

शाणू नायक चिडले: मी काय पाळण्यातला आहे?
म्हणून मोजणी त्यांच्याकडे दिली.
छत्री, काठी, अकरा फाटकं,
आणि माझ्या दाराशी येऊन तोंडी हिशोब.

नदी बांधावरून आत आली त्या सकाळी
मोजणारा आला नाही.
त्यांच्याच फाटकावर पिशवी, पावांचा लगदा.
पाहिलं पिएदाद बाईंनी,
ज्यांना ऐकू येत नाही, पण पैलतीरावरचा बगळा दिसतो.
कडी तोडली आम्ही.
ते स्वयंपाकघरात, घोटाभर पाण्यात,
पाय मोडलेला, इन्सुलिनची बाटली टोपीत कोरडी.
पहिला शब्द: "साडेनऊला ओहोटी लागेल.
तेव्हा मानस उघडा, आधी नाही.
आधी उघडलीत तर नदीच घरात बोलावाल."
उघडली, साडेनऊला.
संध्याकाळी अंगणातली तुळस वर आली,
चिखलानं माखलेली.

फेरीबोटीत, झोळीत आडवे,
ते एकच विचारत राहिले:
कडीचे पैसे कोण देणार?
पितळेची होती, बापानं बसवलेली.

अहवालात रकाना असतो, केलेली उपाययोजना.
मी लिहिलं: पाव, दोन, रोज.
साहेबांनी लाल प्रश्नचिन्ह काढलं.

कडी अजून नवी बसवलेली नाही.
सुतार दोनदा येऊन गेला.
शाणू नायक त्याला चहा पाजतात, परत पाठवतात.
"राहू दे," म्हणतात,
"पुढच्या वेळी यांना सोपं जाईल."