धोंडा सरकवायचा दिवस

सप्टेंबरात वारा जरा दमला की
आर्नग्रीमुर ट्रॅक्टर काढतो.
धोंड्याला साखळी बांधायची,
चौदा-पंधरा मीटर उत्तरेला ओढायचा, बस्स.
पृथ्वी थोडी डुलते म्हणे,
म्हणून ध्रुववृत्ताची रेषा दरसाल इतकीशी सरकते.
आकड्याचा कागद राजधानीहून येतो.
ट्रॅक्टर आमचाच, आणि एकच.

बोटीने येणारे विचारतात, रेषा कुठाय?
एक पाय इकडे, एक पाय तिकडे, फोटो.
मग गारठलेल्या बोटांत माझी कॉफी धरून:
इथं माणसं राहतात? म्हणजे, हिवाळ्यातही?

अठ्ठावन्न, मी सांगते.
स्वान्हिल्दुरच्या पोटातलं धरलं तर एकोणसाठ.
पण ती बाळंतपणाला पलीकडे गेलीय,
तेव्हा आज सत्तावन्न लिहून घ्या.

पक्षी कुणी मोजत नाही.
मे महिन्यात कडा पांढरा होतो, मग वास मारतो,
मग त्या वासावाचून करमत नाही.
अंडं एकच, उघड्या दगडावर, एका टोकाला निमुळतं;
धक्का लागला तर जागीच गिरकी घेतं,
खाली पडत नाही, असं म्हणतात.
पडलेली मी पाहिलीत.

बाबा दोरावरून उतरायचे,
टोपीत लोकर कोंबून, सदऱ्यात अंडी भरत.
वर दोर धरायला तिघं.
त्या तिघांशी असलेली भांडणं
आदल्या रात्रीच मिटवून यायचे,
मेंढीच्या कुंपणाचं सुद्धा.
दोर आता मोटरीवर चालतो.
भांडणं वर्षानुवर्षं टिकतात.

सुरय डोक्यात चोच मारतो, काठी उंच धरून चाला.
तो काठीला मारतो, त्याला तेवढंच हवं असतं.
मांजर आणायला बंदी. उंदीर आधीपासून नाहीत.
पफिन ऑगस्टात न सांगता जातात:
रात्री असतात, सकाळी कडा रिकामा,
आणि कान दुखावेत इतकं शांत.

एका हिवाळ्यात, फार जुन्या,
फुप्फुसाच्या तापाने घरंच्या घरं गेली.
उभे राहू शकत होते ते सहा पुरुष
मदत आणायला होडीत बसले.
होडी दुसऱ्या दिवशी आली. पालथी.
बेटावर पुरुष उरला एक, धर्मोपदेशक.
आणि पुढच्या वर्षीच्या नोंदवहीत
बारशी होती, बरीच.
आजी इथवर सांगायची आणि विणकामाचे टाके मोजू लागायची.

चर्च जळालं एका रात्रीत.
पाण्याचा बंब पोचेतो घंटा वितळून खाली आली होती.
नोंदवहीही गेली त्यात.
तेव्हापासून ती गोष्ट
जरा जास्तच रंगते.

स्टाइनवोरने मासेमारीचा कोटा विकला, शहरात गेली.
किल्ली माझ्याकडे.
नोव्हेंबर लागला की तिच्या स्वयंपाकघरात
रोज तीन वाजता मी दिवा लावते.
विजेचं बिल ती भरते. कशासाठी,
दोघींपैकी कुणी बोललेलं नाही.
पहाटे परतणाऱ्या होड्यांना
बंदरावरून खिडक्या मोजायची सवय आहे.

आज धोंडा सरकला.
तीन मुलांची शाळा, तिघंही सुट्टी घेऊन आली,
साखळीवर बसायचं नाही असं बजावूनही बसली.
जुन्या जागी गवत पिवळं, एक गोल,
त्याच्या दक्षिणेला गेल्या वर्षीचा, फिकट हिरवा,
त्याच्या मागचे ओळखू येत नाहीत.

पुढे कडा दिसतो.
आणखी वीस-बावीस वर्षं, धाकट्याने बोटांवर मोजलं,
मग रेषा समुद्रात. मग आपण काय करायचं?
कुणीतरी म्हणालं, तेव्हा
स्वान्हिल्दुरचं पोर ट्रॅक्टर चालवेल.
फोन आला होता दुपारी. मुलगी. शुक्रवारच्या बोटीने येतील,
लाट असली तर सोमवारच्या.

आर्नग्रीमुर चाकाखाली दगड लावत होता.
म्हणाला, त्या आधी कुणीतरी
ब्रेक तेवढा दुरुस्त करून घ्या.