मोहनबाडीपर्यंतची मोजणी

फोनमध्ये दोन नावं टाकली की रेघ येते:
नवी मुंबई ते मोहनबाडी, दिब्रुगड.
चोवीसशे किलोमीटर, वर थोडे.
हा उडत्या पाखराचा हिशेब,
मधे कोलकात्याला साडेतीन तास
थंड खुर्चीत बसणाऱ्या माणसाचा नव्हे.

मोहनबाडी.
वाटावं, पनवेलपुढची एखादी वाडी,
शेअर रिक्षातून उतरावं आणि हाक मारावी.
तिथून पुढे दुलियाजानला जागृती असते,
तेलाच्या कंपनीत.
थंडीत तिचा फोन येतो तेव्हा तिच्याकडे दिवे लागलेले,
माझ्या करंजाड्याच्या गॅलरीत टॉवेलवर ऊन.
घड्याळात दोघांच्याही साडेपाच.
म्हणते, बाबा, सूर्य इथून निघाला
की तुमच्याकडे पोचायला दीड तास.
म्हणजे विमानापेक्षा तोच बरा,
आणि त्याला कोलकाता नाही.

मी आयुष्यभर मोजणी खात्याची साखळी ओढली.
तेहतीस फूट, सोळा आणे.
उन्हात साखळी तापून केसभर वाढते,
कागदावर तो केस कुणी धरत नाही.
गॅसच्या बिलामागे मी गणित मांडलं:
इथून लेकीपर्यंत दोन लाख चाळीस हजार साखळ्या.
बायको म्हणाली, मोजत बसणार की तिकीट काढणार?

काढलं.

रिक्षावाला म्हणाला, काका, तुमचं बरं आहे,
एअरपोर्ट अगदी जवळ.
जवळच.
चिंचपाड्याचं घर तर त्याहून जवळ होतं,
इतकं, की ते मोजायचा दिवस आला तेव्हा
साहेबांनी न मागता मला रजा दिली.
रजेवर असून गेलो. टोक मीच धरलं.
ओटी, पडवी, गोठा, शेवग्याचं झाड एक.
साखळी गुंडाळताना हाताला गंज लागला
तो जेवायला बसेपर्यंत गेला नाही.

त्यानंतर पत्रे लागले, मग कुंपण, मग भिंत.
आत जायचा रस्ता कुठून, कित्येकांना विचारलं.
आता कळलं, रस्ता होता:
आधार दाखवा, पट्टा काढा, खिसे रिकामे करा,
आणि जवळ दिब्रुगडचं तिकीट असू द्या.

खिडकीची जागा. विमान वळलं, थांबलं, धावलं.
कपाळ काचेला लावून मी खुणा शोधत होतो.
खूण धरायला डोंगर लागतो,
तोही त्यांनी कापून भुईत घातलेला.
मग अंदाजाने धरलं: गावदेवी इथे,
इथे आमची ओटी.
सेकंदाला सात साखळ्या.
ओटीपासून विहीर एकवीस साखळ्या,
डोक्यावर हंडा घेऊन आईला पाच मिनिटं लागायची,
वाटेत पार्वतीकाकू भेटली तर पंधरा.

एक.
दोन.
तीन.

चाकं सुटली. खाली खाडी, खारफुटी,
मग नुसतं पांढरं.
शेजारचा मुलगा म्हणाला, पहिल्यांदाच का काका?
पाणी आलं तेवढ्यात, म्हणून उत्तर राहिलं.

मोहनबाडीला उतरलो तर पाच वाजलेले
आणि पूर्ण काळोख.
जागृतीने बॅग ओढून घेतली,
एकूण किती वेळ लागला हो?
तीन सेकंद, म्हणालो, आणि बाकीचा दिवस.
तिने ऐकलं नसावं.
ती पर्समध्ये पार्किंगचे सुटे शोधत होती.