फुंकू नकोस अजून

सुपीरियर सरोवरावरचा बर्फ फुटला त्या आठवड्यात
आर्विडनं स्वयंपाकघराची भिंत फोडली.
दोन शनिवारांचं काम, म्हणाला होता.
आता मे अर्धा सरला.
शेगडी गॅरेजमध्ये, भांडी बाथटबमध्ये,
साखरेच्या डब्यात, कशी कोण जाणे, प्लास्टरची पूड.

मधल्यामध्ये त्याला एकेचाळिसावं लागलं.
सासूबाईंनी भेट दिली: नवी करवत.
मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.
लोवेल बारा वर्षांचा झाला रंगाच्या डब्यावर बसून.
आणि आज सिग्नी, सहा.

केक शेजारच्या कोस्कीबाईंच्या ओव्हनमधून आला.
सिग्नीच्या खोलीचं दार काढून
सुतारकामाच्या घोड्यांवर आडवं टाकलं, तेच टेबल.
लोवेलनं केकवर पाणसळ धरली:
"पाव इंच डावीकडे कललाय."
गाणं संपलं, तिनं गाल फुगवले,
आणि भिंतीत कुठेतरी चट्ट झालं.
सगळं घर गुडुप.

"फुंकू नकोस अजून!"
बाप तळघराच्या जिन्यावरून ओरडला.
ती तशीच, गालात वारा कोंडून,
केक दोन्ही हातांनी उचलून निघाली,
एकेक पायरी.
फ्यूजच्या पेटीत चाचपडणारी त्याची बोटं,
कानामागची पेन्सिल,
सहा ज्योतींपुरता उजेड.
मेण आयसिंगवर ओघळत राहिलं.
कुणी काही बोलेना.

दिवे आले तेव्हा
मेणबत्त्यांची नखाएवढी थुटकं उरली होती.
"आता?"
"आता."

रात्री निजवताना विचारलं, काय मागितलंस?
सांगायचं नसतं, म्हणाली,
आणि मोकळ्या चौकटीकडे बघत, हळूच:
दार.